गाडीच्या आतल्या बल्बांच्या जागी एलईडी: माप आधी, खरेदी नंतर

रूफ लाइटचा बल्ब बदलायला दहा मिनिटं पुरतात. तरी या कामात लोकांचे पैसे दोन-दोनदा जातात, कारण बल्ब आधी मागवला जातो आणि गाडीत कोणता आहे ते नंतर बघितलं जातं. मग ३६ मिलिमीटरच्या जागी ३१ चा येतो, नाहीतर एलईडीचा तुकडा इतका जाड निघतो की वरचं झाकणच बसत नाही. म्हणून आधी प्रत्येक दिवा उघडा, जुना बल्ब हातात घ्या, मोजा, कागदावर लिहा आणि मगच दुकानाची पायरी चढा. अलीकडच्या काही गाड्यांत आतले दिवे कंपनीकडूनच एलईडी येतात आणि ते सर्किटवरच सोल्डर केलेले असतात. तिथे बदलण्यासारखं काही नसतं. झाकण काढल्यावर काचेचा बल्ब दिसला, तरच पुढचं वाचायचं.

कोणता बल्ब, केवढा

गाडीच्या आत मुख्यतः दोन जातींचे बल्ब भेटतात. पहिला म्हणजे काचेची छोटी नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, आणि दोन स्प्रिंगसारख्या पट्ट्यांच्या मधे अडकवलेला. कॅटलॉगमध्ये याला फेस्टून म्हणतात, दुकानात 'रूफ लाइटचा बल्ब' म्हटलं तरी कळतं. ५ वॉटचा असेल तर सी५डब्ल्यू, १० वॉटचा असेल तर सी१०डब्ल्यू. याची लांबी टोप्यांसकट, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायची. बाजारात ३१, ३६, ३९, ४१-४२ आणि ४४ मिमी ही मापं मिळतात. ३६ आणि ३९ मधला फरक नजरेने कळत नाही, म्हणून स्टीलची पट्टी किंवा व्हर्नियर वापरा. शिंपीकामाची टेप इथे कामाची नाही.

दुसरा म्हणजे बूड चपटं असलेला काचेचा बल्ब, ज्याच्या बुडाशी दोन बारीक तारा दोन बाजूंना दुमडलेल्या असतात. हा टी१० किंवा डब्ल्यू५डब्ल्यू. आपल्याकडे दुकानदार याला 'कॅपलेस' किंवा सरळ 'पार्किंग बल्ब' म्हणतात, कारण हाच बल्ब बऱ्याच गाड्यांच्या पार्किंग लाइटलाही लागतो. आत तो मॅप लाइट (पुढच्या सीटवर वाचण्यापुरता उजेड देणारा दिवा), डिकी, दाराच्या खालचा दिवा अशा ठिकाणी सापडतो.

गाडीच्या पुस्तिकेत शेवटाकडे बल्बांचा तक्ता असतो. त्यात वॉट मिळतात, फेस्टूनची लांबी बहुधा मिळत नाही. आणखी एक माप घ्यायचं राहून जातं: खोली. पट्ट्यांपासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत किती जागा आहे, ते काडी घालून बघा. जुन्या फेस्टूनची नळी बोटाहून बारीक असते. ॲल्युमिनियमचं कवच असलेले एलईडी त्याहून बरेच रुंद असतात आणि झाकणाला टेकतात.

विकत घेताना काय बघायचं

साधा सी५डब्ल्यू बल्ब सुमारे ४५ ल्युमेन प्रकाश देतो आणि डब्ल्यू५डब्ल्यू ५०. चांगला १ वॉटचा एलईडी याहून दुप्पट देतो आणि केबिनला तेवढं पुरे होतं. खोक्यावर शेकड्यांनी ल्युमेन छापलेले असतात, त्याकडे लक्ष देऊ नका. रात्री हायवेच्या कडेला दार उघडल्यावर डोळे दिपतील इतका दिवा कुणाच्याच उपयोगाचा नसतो. अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा रस्त्यावर स्थिरावायला वेळ लागतो.

रंगाचंही तसंच. पांढरा एलईडी मुळात निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन केलेला असतो, आणि 'कूल व्हाइट'मध्ये ती निळाई जास्त जाणवते. ही छटा केल्विनमध्ये मोजतात: आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. ६००० ते ६५०० केल्विनचा दिवा दवाखान्यासारखा वाटतो आणि बेज सीट राखाडी दिसतात. ४००० च्या आसपासचा घ्या. जुन्या बल्बाची ऊब हवी असेल तर ३००० चा. सगळे दिवे एकाच वेळी, एकाच मालाचे घ्या, नाहीतर पुढचा दिवा निळसर आणि मागचा पिवळट दिसतो.

स्वस्त आणि चांगल्या एलईडीतला खरा फरक आतल्या सर्किटमध्ये असतो. स्वस्त तुकड्यात तीन चिप ओळीने जोडलेल्या असतात आणि सोबत करंट आवरायला फक्त एक रेझिस्टर. तीन चिप मिळून साधारण ९ व्होल्ट घेतात. गाडी बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्टची, म्हणजे रेझिस्टरच्या वाट्याला ३.५ व्होल्ट. इंजिन चालू झालं की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर व्होल्टेज १४.२ पर्यंत नेतो आणि तोच वाटा ५.२ होतो. म्हणजे करंट जवळपास दीडपट आणि रेझिस्टरमधली उष्णता दुपटीहून जास्त. घरी उभ्या गाडीत मस्त चालणारा दिवा लांबच्या प्रवासात मंद होतो किंवा मरतो, त्याचं कारण हे. खोक्यावर '९ ते १६ व्होल्ट' किंवा 'कॉन्स्टंट करंट' (व्होल्ट बदलले तरी करंट तेवढाच ठेवणारा) लिहिलेलं असेल तो घ्या. 'कॅन-बस' असं ठळक छापलेले आतल्या दिव्यांसाठी शक्यतो टाळा. गाडीला जुना बल्बच लावलाय असं वाटावं म्हणून त्यांच्यात मुद्दाम वीज जाळणारे रेझिस्टर टाकलेले असतात, आणि बंद प्लास्टिकच्या डब्यात ती उष्णता जायला वाट नसते. बल्ब गेल्याची सूचना देणारी यंत्रणा बहुतेक गाड्यांत बाहेरच्या दिव्यांपुरती असते.

रूफ लाइटमध्ये चिकटवायच्या मोठ्या एलईडी पाट्याही मिळतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत त्यांचा दुतर्फी टेप सुटतो आणि पाटी वायरला लोंबकळते. जिथे फेस्टून बसतो तिथे फेस्टूनच घ्या.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड अशा ठिकाणी दुकानातच १२ व्होल्टवर लावून दाखवतात. तिथे दहा मिनिटं जळत ठेवायला सांगा आणि बोट लावून बघा. बोट ठेवता येत नसेल इतका तापला, तर तो नको.

उघडण्याआधी

लागतं ते थोडंच: प्लास्टिकची उचकटणी, नसेल तर जुनं एटीएम कार्ड, फ्यूज काढायची चिमटी (ती बऱ्याचदा फ्यूज बॉक्सच्या झाकणातच असते), नोज प्लायर, बारीक पॉलिश पेपर, साधा मल्टिमीटर. धातूचा स्क्रू ड्रायव्हर वापरायचाच असेल तर त्याच्या टोकाला टेप गुंडाळा.

रूफ लाइटचा फ्यूज आधी काढा. बॉक्सच्या झाकणावर इंग्रजीत 'रूम', 'डोम' किंवा 'इंटिरियर' अशी खूण असते. हे टाळून फक्त दिव्याचा खटका बंद केलेला चालत नाही. अनेक गाड्यांत दाराचा स्विच मायनसच्या बाजूला असतो, त्यामुळे दिवा बंद असला तरी बल्बाच्या एका पट्टीवर कायम १२ व्होल्ट असतात. उचकटताना धातूचं टोक तिला आणि गाडीच्या पत्र्याला एकदम लागलं की ठिणगी उडते आणि फ्यूज जातो. त्याच फ्यूजवर घड्याळ किंवा स्टिरिओची मेमरी असू शकते, मग लोक स्टिरिओ बिघडला म्हणून मेकॅनिककडे जातात. फ्यूज सापडत नसेल तर दहाच्या पान्याने बॅटरीची मायनस क्लिप सोडवा. घड्याळ आणि काही गाड्यांत काचांची ऑटो सेटिंग पुन्हा लावावी लागेल. फ्यूज काढल्यावर खटका 'ऑन' करून बघा. दिवा लागला नाही, म्हणजे बरोबर फ्यूज निघालाय.

नुकताच जळत असलेला बल्ब हाताला चांगलाच चटका देतो. पाच मिनिटं थांबा.

झाकण, पट्ट्या आणि बल्ब

बहुतेक झाकणांना एका कडेला नखाएवढी खाच असते. उचकटणी त्या खाचेत घालायची आणि ओढायची नाही, पिळायची. एक बाजू 'टक्' करून सुटली की दुसऱ्या बाजूच्या खुंट्या आपोआप निघतात. खाच सापडत नसेल तर खटक्याच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा. थंडीत पहाटे हे करू नका. गारठलेल्या प्लास्टिकच्या खुंट्या तुटतात. पूर्ण दिवाच छतातून खाली येत असेल तर हिसका देऊ नका, त्याच्यामागे ब्लूटूथच्या माइकची वायर असू शकते.

झाकण निघालंच आहे तर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, पारदर्शक प्लास्टिकला जाळीसारख्या भेगा पडतात.

फेस्टून काढताना एक पट्टी बोटाने बाहेर दाबा आणि बल्बाचं ते टोक खाली सोडा. नळीला मधे धरून ओढलं तर काच टोपीपासून सुटते. पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर दिसला, जो कोकण-गोव्याच्या दमट हवेत हमखास दिसतो, तर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. एलईडी दोन मिलिमीटरने आखूड असेल तर पट्ट्या प्लायरने किंचित आत वाकवता येतात. त्याहून जास्त फरक असेल तर बदलूनच आणा. खेचूनताणून बसवलेला एलईडी खड्ड्यात गाडी आदळली की मिणमिणतो. बसवताना चिपची बाजू खाली, झाकणाकडे यायला हवी. जुन्या बल्बाचा प्रकाश चहूकडे जायचा, एलईडीचा एकाच दिशेला जातो. ॲल्युमिनियमचं कवच दिव्यातल्या कुठल्याही धातूला टेकत नाही ना, तेही बघा.

टी१० सरळ ओढून काढायचा, हलवत-वाकवत नाही. नव्याच्या बुडाशी असलेल्या दोन तारा बसवण्याआधी नखाने जराशा बाहेर फुगवा. सॉकेट जुनं असेल तर त्या टेकत नाहीत आणि एलईडी खराब निघाल्यासारखं वाटतं. मॅप लाइटमध्ये बल्ब आडवा बसत असेल तर चारी बाजूंना चिप असलेला टी१० घ्या. फक्त टोकाला चिप असलेला तिथे भलतीकडेच उजेड पाडतो.

आता झाकण न लावता फ्यूज परत घाला आणि खटका 'ऑन' करा. लागला नाही तर घाबरायचं कारण नाही. जुन्या बल्बाला प्लस-मायनसचा फरक पडत नव्हता, एलईडीला पडतो. फ्यूज काढा, तुकडा उलटा फिरवून बसवा, फ्यूज घाला. थोडा वेळ उलटा बसल्याने तो जळत नाही. आधीच खात्री हवी असेल तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून, फ्यूज जागेवर आणि खटका 'ऑन' असताना दोन पट्ट्यांवर लावा. आकडा सरळ १२ च्या आसपास आला तर लाल सुईची बाजू प्लस, उणे चिन्ह आलं तर उलट. मग खटक्याच्या तिन्ही जागा, चारही दारं आणि मागचा दिवा तपासूनच झाकण दाबा.

नंतर येणाऱ्या तक्रारी

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: गाडी लॉक केली तरी दिवा मंद जळत राहतो. दिवे चालू-बंद करणारं गाडीचं कंट्रोल युनिट दिवा बंद असतानाही अगदी थोडा करंट वायरीतून जाऊ देतं. जुन्या बल्बाची तार तेवढ्याने तापत नव्हती, एलईडीला मात्र तो पुरतो. यावर सगळ्यात सोपा इलाज म्हणजे त्याच सर्किटवरचा एक दिवा जुन्याच बल्बावर ठेवायचा. थंड फिलामेंटचा रोध काही ओहमच असतो, त्यामुळे तो करंट तिकडून निघून जातो. ते जमत नसेल तर एलईडीच्या दोन पट्ट्यांना समांतर १ किलो-ओहम, अर्धा वॉटचा रेझिस्टर जोडा. १४.४ व्होल्टलाही त्यात ०.२ वॉटच जळतात, त्यामुळे तो तापत नाही.

दार लावल्यावर हळूहळू विझणारा दिवा एलईडी लावल्यावर थरथरत विझतो, कारण कंट्रोल युनिट दिवा वेगाने चालू-बंद करून मंद करतं आणि स्वस्त एलईडीच्या ड्रायव्हरला, म्हणजे आतल्या करंट सांभाळणाऱ्या सर्किटला, ते झेपत नाही. चांगला एलईडी घेणं एवढाच उपाय. दिवा लावल्यावर एफएमवर खरखर आली तर तोही ड्रायव्हरचाच दोष. लांबचं, कमजोर स्टेशन लावून एकदा तपासा.

बॅटरी वाचते का? चालत्या गाडीत नाही. फायदा दिवा विसरला तर. हॅचबॅकची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी १० वॉटच्या बल्बाने, म्हणजे ०.८३ अँपिअरने, सुमारे ४० तासांत संपते: शुक्रवारी रात्री दिवा राहिला तर रविवारी गाडी ढकलावीच लागणार. १ वॉटचा एलईडी तेवढ्या वेळात साडेतीन अँपिअर-तासही खात नाही.

जिथे हात घालू नये

दारांच्या मधल्या खांबांची आणि छताच्या कडेची कव्हरं उघडू नका. त्यामागे कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असू शकते, आणि तिथून नेलेली सजावटीची एलईडी वायर एअरबॅग फुगताना आडवी येते. एसी पॅनेल आणि स्पीडोमीटरचे बारीक बल्बही या कामात धरू नका. त्यासाठी डॅशबोर्ड खोलावा लागतो. नंबर प्लेटचा दिवा बऱ्याचदा याच मापाचा असतो, पण तो नियमाने पांढराच हवा, आणि तिथे पाणी पोचतं म्हणून वॉटरप्रूफ एलईडी लागतो. वायर कुठेही कापायची नाही. जुने बल्ब पुडीत बांधून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, वॉरंटीच्या कामाला गाडी देताना दोन मिनिटांत परत बसवता येतात.

डिकीचा दिवा बंद होतो की नाही हे बाहेरून दिसत नाही. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवा, डिकी लावा, मिनिटभराने उघडा. व्हिडिओत दिवा लॉक बसल्याबरोबर विझायला हवा. काही गाड्यांत दहा-वीस सेकंदांनी विझतो. तसाच जळत राहिला तर कुलपातला स्विच अडकलाय. तो साफ करून घेईपर्यंत तिथला बल्ब काढून ठेवा.