खाली बसवलेली जुनी पिकअप एका अंगाला कलते? आधी दोष कुठे आहे ते शोधा

माझ्या पिकअपचा मागचा डावा कोपरा चांगला दोन बोटं खाली बसला होता. पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग, थकले असणार असं धरून मी मागचे दोन्ही बाजूंचे पाटे बदलले. गाडी जॅकवरून उतरवली, थोडी फिरवून आणली, तर कल होता तसाच. दोष निघाला पुढे, उजवीकडे. तिथल्या, गाडीची उंची कमी करण्यासाठी कापलेल्या स्प्रिंगचं टोक खोबणीत न बसता कडेवर चढलं होतं. पुढची उजवी बाजू उचलली गेली होती आणि मागचा डावा कोपरा त्याची शिक्षा भोगत होता.

हे समजून घेतलं की निम्मं काम झालं. चॅसिस बऱ्यापैकी कडक असते, त्यामुळे पुढून गाडी कलली की मागचा भागही त्याच अंगाला झुकतो. पाटे चाकांच्या बरेच आत, चॅसिसजवळ असतात आणि रिकाम्या हौद्यात वजनही नसतं, म्हणून पुढचा भाग नेईल तिकडे मागचा भाग मुकाट्याने जातो. जो कोपरा खाली दिसतो तोच दोषी, असं समजून पाना हातात घेऊ नका.

सुरुवात जमिनीपासून करा. डोळ्यांना सपाट दिसणारी फरशी बहुतेक वेळा सपाट नसते. पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी पातळी घेतात तशी, चारही चाकांच्या जागा तपासा. जिथे जागा खोलगट असेल तिथे चाकाखाली पातळ पत्रा किंवा प्लायवूडचा तुकडा घाला. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना ते बघा आणि एकाच एक्सलवरच्या दोन्ही चाकांत सारखी हवा भरा. हौदा रिकामा करा. पेट्रोलच्या टाकीकडेही लक्ष असू द्या. १९७३ ते १९८७ च्या शेवरोले सी/के पिकअपमध्ये टाकी चॅसिसच्या बाहेर, एका अंगाला असते. ज्या गाड्यांना दोन टाक्या आहेत त्यांत एक भरलेली आणि दुसरी रिकामी असेल तर तेवढ्यानेही माप फसतं.

आता माप घ्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सरळ उभ्या रेषेत, चारही ठिकाणी. शिवाय चॅसिसच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत, तेही चारही कोपऱ्यांवर, दोन्ही बाजूंना एकाच जागी. ही दुसरी मापं टाळू नका. चॅसिस सरळ आणि मडगार्ड वाकडं असेल तर सस्पेन्शनला हात लावायचं कारण नाही. केबिन किंवा हौद्याखालचे रबर दबलेत, नाहीतर मडगार्ड कधीतरी ठोकून पुन्हा बसवलेलं आहे. पाच-सहा मिलिमीटरचा फरक असेल तर मी तो सोडून देतो.

जॅकवरून उतरवल्याबरोबर कधीही मोजू नका. चाकं आत ओढलेली असतात आणि टायरची पकड गाडीला पूर्ण बसू देत नाही. गाडी तीन-चार मीटर पुढे-मागे ढकला, दोन्ही बंपर दाबून सोडा, मगच टेप लावा.

यानंतरची चाचणी सगळ्यात मोलाची आहे. पुढच्या स्टॅबिलायझर बारची (गाडीला एका अंगाला झुकण्यापासून रोखणाऱ्या आडव्या सळईची) लिंक, म्हणजे तिच्या टोकाचा जोडदांडा, एका बाजूने सोडवा; बार वाकलेला असेल किंवा लिंक लहान-मोठ्या असतील तर त्या एकट्यानेही गाडी कलते. मागच्या चाकांना पुढे-मागे ठोकळे लावा. मग पुढच्या क्रॉसमेंबरच्या, म्हणजे चॅसिसच्या आडव्या तुळईच्या, बरोबर मध्याखाली लाकडाचा अरुंद ठोकळा ठेवून जॅकने पुढचा भाग उचला, चाकांवरचा भार जेमतेम सुटेल एवढाच. आता पुढचा भाग एका बिंदूवर टेकलेला आहे, तो कुठल्याच अंगाला जोर लावत नाही. मागचं माप घ्या. मागची बाजू सरळ झाली तर दोष पुढे आहे. तरीही कललेली राहिली तर दोष मागे. हीच चाचणी मागच्या क्रॉसमेंबरच्या मध्यावर उचलून उलटी करून बघा. या अवस्थेत गाडी एका जॅकवर डोलत असते, तेव्हा माप बाहेरूनच घ्या. खाली शिरायचं असेल तर आधी चॅसिसखाली जॅक स्टँड लावा.

दोष पुढे निघाला आणि कॉइल स्प्रिंग असेल तर वरचं आणि खालचं टोक खोबणीत बसलंय का ते बोट फिरवून बघा. दोन्ही स्प्रिंगचे वेढे मोजा. जास्त उंच बाजूची स्प्रिंग आणखी कापून बरोबरी साधू नका. कापलेलं परत जोडता येत नाही. आणि गॅसच्या ज्वाळेने कापलेली स्प्रिंग तापून मऊ पडलेली असू शकते, तशी असेल तर जोडीच बदला. थोडा फरक असेल तर जी बाजू खाली बसली आहे तिथल्या स्प्रिंगला स्पेसर (जाड चकती) पुरतो. स्प्रिंग लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) साधारण मध्यावर असते, म्हणून तिथे ३ मिलिमीटर घातले की चाकाशी जवळपास दुप्पट फरक पडतो.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या माझदा बी२२०० किंवा निसान डी२१ सारख्या गाड्यांत पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया, असतात, तिथे काम सोपं आहे. बारचा ताण ठरवणाऱ्या बोल्टवर रंगाची खूण करा, गाडी उचलून भार काढा, जी बाजू खाली बसली आहे तिचा बोल्ट अर्धा फेरा आवळा, उतरवा, ढकला, मोजा. एका बाजूला हात लावला की दुसरीही थोडी हलते, म्हणून घाई नको. डावा-उजवा बार अदलाबदल करू नका.

जिथे लोक हमखास चुकतात ती जागा म्हणजे सांध्यांतले रबरी बुश. चाक लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट आवळले की बुश त्या स्थितीत जखडतो आणि गाडी खाली आल्यावर पिळला जाऊन स्वतःच स्प्रिंगसारखा वर ढकलत राहतो. पाट्यांच्या आणि शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीच्या) बुशचंही तेच. सगळे बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर पूर्ण भार येऊन उभी असताना आवळा. कित्येकदा कल एवढ्यानेच जातो.

मागे बघायचं असेल तर तुटलेलं पान, सरकलेला सेंटर बोल्ट, दोन्ही बाजूंच्या लोअरिंग ब्लॉकची (उंची कमी करण्यासाठी पाटा आणि एक्सलमध्ये घातलेल्या ठोकळ्यांची) उंची आणि शॅकलचा कोन तपासा. एका बाजूचा बंप स्टॉप, म्हणजे एक्सल चॅसिसवर आपटू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा, चॅसिसला टेकलेला असेल तर ती बाजू खाली येणारच नाही. खाली बसवलेल्या गाडीत हे फार होतं. ब्लॉकवर ब्लॉक रचू नका आणि पाटा एक्सलला आवळणारे यू-बोल्ट काढले तर परत वापरू नका. १९६३ ते १९७२ च्या शेवरोले सी-१० सारख्या, मागे कॉइल आणि एक्सलला आडवं सरकू न देणारा पॅनहार्ड बार असलेल्या गाडीत उंची कमी केली की एक्सल एका अंगाला सरकतो. एक टायर बाहेर आलेला दिसतो आणि लोक त्यालाच कल समजतात. तिथे लांबी बदलता येणारा बार लागतो, स्प्रिंग नाही.

सगळं झाल्यावर स्टॅबिलायझरची लिंक जोडा. ती ओढून किंवा दाबून बसवावी लागली तर लांबी चुकलेली आहे. उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो, म्हणून अलाइनमेंट करून घ्या, हेडलाइटचा झोत बघा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना ते तपासा. मागच्या एक्सलपासून ब्रेकच्या व्हॉल्व्हला जाणारी काडी असेल तर तीही नव्या उंचीला जुळवावी लागते, नाहीतर मागचे ब्रेक कमी-जास्त लागतात. आठवडाभर गाडी चालवा, यू-बोल्ट परत आवळा आणि त्याच जागेवर, तेच पत्रे चाकांखाली घालून, चारही मापं पुन्हा घ्या.