घड्याळाच्या बक्कलावरचे ओरखडे मी घरी कसे काढले

सहा वर्षे रोज वापरलेल्या माझ्या स्टीलच्या घड्याळाचे बक्कल टेबलाच्या कडेवर घासून धुरकट झाले होते, म्हणून मी ते गुजरी या सराफ बाजारातील एका चांदीकाम करणाऱ्या कारागिरांकडे बफिंगसाठी, म्हणजे मोटरच्या फिरत्या चाकावर चमकवून घेण्यासाठी, नेले. त्यांनी ओरखड्यांवरून नख फिरवले आणि म्हणाले, "नख अडकत नाही, घरीच करा, मोटरवर धरले तर कडा गोल होतील." हातचे गिऱ्हाईक सोडून दिलेला हा सल्ला खरा होता, कारण पॉलिश ओरखडा भरत नाही, तर भोवतालचा धातू त्याच्या तळापर्यंत झिजवते.

घरी मी जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात पट्टा धुतला (वाळूचा एक कण राहिला तरी नवे ओरखडे पडतात), पट्ट्याच्या मॅट (बारीक रेषांच्या, न चमकणाऱ्या) कड्यांवर चिकटपट्टी लावली आणि धातूच्या पॉलिशचा मटारएवढा गोळा सुती फडक्यावर घेऊन चकचकीत भाग हलक्या हाताने घासला. दहा मिनिटांत फडके काळे पडले आणि बक्कलात खिडकीचे गज दिसू लागले. मॅट कड्यांवर मात्र पॉलिश चालत नाही. तेथे बारीक घासणी मूळ रेषांच्याच दिशेने फिरवावी लागते. एका कडीवर मी ती आडवी फिरवली, आणि ती चूक अजून दिसते.

फोनच्या काळ्या स्टील फ्रेमला मी हात लावला नाही, कारण तिचा रंग पीव्हीडीच्या, म्हणजे निर्वातात धातूवर चढवलेल्या, अतिशय पातळ थराचा असून पॉलिशने तोच निघून जातो. तिच्यावरचे ओरखडे कव्हरखाली सुखाने राहतात.