पाण्याखालचा चॅनल एस्टिमेट करताय? या चुका टाळा

पाण्याखाली डेटा आवाजाने पाठवतात, आणि वाटेत सिग्नल कसा बदलतो, म्हणजे चॅनल, ते रिसीव्हरला आधी अंदाजाने काढावं (एस्टिमेट करावं) लागतं. रेडिओवरून थेट पाण्याखालच्या कामात आलेला माणूस पहिल्यांदा डॉप्लरवरच (हालचालीमुळे सिग्नल आकसणं-ताणणं) अडकतो. मीही अडकलो होतो, दोन आठवडे नुसते ईक्वलायझर (चॅनलने केलेली मोडतोड भरून काढणारे फिल्टर) बदलत बसलो. हवेत कॅरियर (सिग्नल वाहून नेणारी मूळ फ्रिक्वेन्सी) जरा सरकतो, तेवढा दुरुस्त केला की काम होतं, पण पाण्यात आवाज सेकंदाला जेमतेम 1500 मीटर जातो, त्यामुळे बोट 3 नॉटने नुसती वाहत असली तरी अख्खा सिग्नल हजारात एक एवढा आकसतो किंवा ताणला जातो. 10 ते 14 किलोहर्ट्झचा बँड असेल तर खालचं टोक 10 हर्ट्झ सरकतं आणि वरचं 14, मग एकच आकडा वजा करून कसं भागेल? त्यात सेकंदाला 4000 सिंबॉल (डेटाचे एकेक तुकडे) जात असतील तर एका सेकंदाच्या पॅकेटच्या शेवटी तुम्ही 4 सिंबॉल घसरलेले असता, म्हणजे एस्टिमेटर कितीही भारी लावा, टॅप (किती उशिराने किती जोराची प्रत आली ते सांगणारे चॅनलचे आकडे) पुसटच दिसणार.

यावर उपाय म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक चर्प (फ्रिक्वेन्सी सरकत जाणारा सूर) ठेवायचा, दोन पीकमधलं अंतर किती बदललं ते मोजायचं, त्या हिशोबाने पॅकेट रीसँपल करायचं (ताणून-आकसून मूळ लांबीचं करायचं) आणि उरलेला बारीक फरक फेज ट्रॅकिंगवर सोडायचा. चॅनल त्यानंतरच काढायचा, कृपया हा क्रम उलटा करू नका.

आता लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे एररच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून सगळे टॅप एकदम काढायची पद्धत. चॅनल 20 मिलिसेकंद पसरलेला असेल तर वरच्या रेटला 80 टॅप होतात, पण उथळ पाण्यात बरीचशी ऊर्जा थेट वाट, पृष्ठभाग आणि तळावरून आलेल्या मोजक्या वाटांमध्येच असते. सगळे 80 काढायला गेलात की रिकाम्या जागीही नॉइज भरतो, शिवाय पायलट (रिसीव्हरला आधीच माहीत असलेले सिंबॉल) जास्त लागतात ते वेगळंच. म्हणून ओएमपी (ऑर्थोगोनल मॅचिंग परस्यूट, सगळ्यात ठळक वाट एकेक करून निवडणारी पद्धत) वापरा. फक्त एखादी वाट दोन सँपलच्या मधोमध पडली की एकीच्या जागी चार-पाच टॅप उगवतात, त्यासाठी डिलेची (उशिराची) ग्रिड दुप्पट बारीक करा, त्याहून फार बारीक केलीत तर शेजारचे कॉलम (एकेका डिलेचे नमुना-सिग्नल) इतके सारखे होतात की ओएमपी गोंधळतो. आणि 10 टॅप झाले की थांब असं कोडमध्ये ठोकून ठेवू नका, उरलेली एरर नॉइजच्या पातळीला आली की थांबा.

ती पातळी पॅकेटच्या आधीच्या शांत तुकड्यातून मोजायची, पण आधी तो तुकडा प्लॉट करून डोळ्यांनी बघा. उबदार, उथळ किनाऱ्याजवळ स्नॅपिंग श्रिंप नांगी इतक्या जोरात मिटतात की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये सुयांसारखे उंच स्पाइक दिसतात. गॉसियन नॉइज (ज्यात असे उंच स्पाइक जवळपास येतच नाहीत) धरून चाललेला एस्टिमेटर तिथे साफ फसतो, तेव्हा स्पाइक आधी क्लिप करा.

ट्रेनिंग (पायलटचा भाग) लांबवलं की एस्टिमेट सुधारेल असंही वाटतं, पण लाटांमुळे पृष्ठभागावरची वाट तेवढ्यात बदललेली असते. त्यापेक्षा छोटे ब्लॉक घ्या आणि मागच्या ब्लॉकमध्ये सापडलेल्या डिलेपासून शोध सुरू करा, गणितही वाचतं. आणि एरर पायलटवर मोजून खूश होऊ नका, एस्टिमेटरने न पाहिलेल्या सिंबॉलवर मोजा.