शुभेच्छा पाठवण्याआधी पंचांग बघा, मग माणूस

ऑफिसच्या फलकावर सणांच्या शुभेच्छा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते अक्षर बरं म्हणून. पहिल्याच वर्षी मोहरमच्या दहाव्या दिवशी मी 'हार्दिक शुभेच्छा' लिहून कडेनं फुलं काढली. दुपारी एक शिया सहकारी टेबलाशी आले. चिडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "ताई, आज आमच्याकडे दुखवटा असतो." 680 साली करबलाला इमाम हुसेन मारले गेले, त्याची ती आठवण. मी फडकं घेऊन फुलं पुसली.

तेव्हापासून एक वही ठेवली. तुमच्याकडे हे काम आलं असेल, तर वहीपासूनच सुरुवात करा.

दिवसाचं नाव लिहिलं की त्यापुढे आधी एक शब्द लिहायचा: आनंद, शोक की उपवास. गुड फ्रायडे येशूच्या मृत्यूचा दिवस, 'हॅपी' म्हणायचं ते त्यानंतरच्या रविवारी, ईस्टरला. ज्यूंचा योम किप्पूर प्रायश्चित्ताचा, पूर्ण उपवासाचा, तिथे 'उपवास सोपा जावो' म्हणतात. जैनांच्या संवत्सरीला तर शुभेच्छा नसतातच, क्षमा मागतात: 'मिच्छामि दुक्कडम्'. तुम्हाला कुणी हे म्हटलं तर 'सेम टू यू' म्हणू नका (मी म्हटलंय), तेच शब्द परत म्हणा.

मग तारीख. गेल्या वर्षीची कॉपी करायची नाही. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येते आणि चंद्र दिसेपर्यंत नक्की नसते. निरोप लिहून ठेवा, पाठवा मात्र चंद्र दिसल्यावर. ज्यूंचा हनुका हा सण आठ दिवसांचा आणि सुरू होतो संध्याकाळी. 2024 मध्ये त्याची पहिली संध्याकाळ नेमकी 25 डिसेंबरला आली होती. नाताळही सगळ्यांचा 25 डिसेंबरला नसतो. रशियन, सर्बियन, इथिओपियन चर्चचा 7 जानेवारीला असतो, जुन्या कॅलेंडरमुळे. अशा सहकाऱ्याला 7 तारखेला निरोप गेला तर तो दोनदा वाचतो, हा माझा अनुभव.

आडनावावरून धर्म ओळखायचा नाही. नवरोज, म्हणजे इराणी नववर्ष, साजरा करणारे मुसलमान असतात, पारशी असतात, बहाई धर्माचेही असतात. दिवाळी हिंदूंची म्हणावी तर जैन त्या दिवशी महावीरांचं निर्वाण स्मरतात आणि शिखांचा बंदी छोड दिवसही तोच. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे लोक नाताळ पाळत नाहीत, वाढदिवसही नाही. मग कळायचं कसं? विचारून. "तुमच्याकडे कोणता सण मोठा? त्या दिवशी काय म्हणतात?" एवढं पुरतं. माझ्यावर यावरून कुणी रागावलं नाही. एकाने मात्र "मी काहीच मानत नाही, पण सुट्टी मानतो" असं सांगितलं. त्यांच्या नावापुढे वहीत 'सुट्टी' असं लिहिलंय.

आता सगळ्यांना एकच निरोप धाडायचा असेल तर? 'सर्व धर्मांच्या सर्व सणांच्या शुभेच्छा' हे मला अजिबात आवडत नाही. ते पाकिटावर फक्त 'घरमालक' लिहिण्यासारखं आहे. त्यापेक्षा जे खरोखर सगळ्यांचं आहे तेच लिहा: वर्ष संपतंय, चार दिवस सुट्टी आहे, विश्रांती घ्या, 2 तारखेला भेटू. सणाचं नाव मात्र ज्याचं त्याला, ज्याच्या त्याच्या दिवशी. आणि वर्षातून एकदा वही उलटी चाळा. मी चाळली तेव्हा एका सणाचे तीन-तीन निरोप होते, दिव्यांपासून रांगोळीपर्यंत, आणि बुद्धपौर्णिमेच्या पानावर नुसती तारीख. कुणी तक्रार केली नव्हती. तक्रार करत नाहीतच लोक.

तुम्हालाच कुणी चुकीच्या सणाच्या शुभेच्छा दिल्या तर 'धन्यवाद' म्हणा आणि पुढे चला. दुरुस्ती चारचौघांत नको. करायचीच तर त्या शिया सहकाऱ्यासारखी, टेबलाशी येऊन.

पुढच्या मोहरमला मी फलकावर काहीच लावलं नाही. आदल्या संध्याकाळी त्यांना एवढंच म्हटलं, "उद्या तुमचे फोन मी घेते."