बाळाच्या दुधाचा डबा निवडताना

सिडकोतल्या आमच्या मेडिकलमध्ये नवे बाबा येतात, कधी आजीही येतात. “ताई, तो डीएचएवाला डबा द्या, मेंदूला चांगला असतो म्हणे.” गोळे कॉलनीतल्या घाऊक औषधबाजारातून माल आला की मी आधी डब्याची मागची बाजू वाचते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

डीएचए हे ओमेगा-३ प्रकारचं स्निग्धाम्ल. आईच्या दुधात ते असतं आणि बाळाच्या मेंदूला, डोळ्यांना लागतं, हे खरं. पण पावडरीत ते घातल्यानं पूर्ण दिवसांचं बाळ जास्त हुशार होतं, असं संशोधनातून ठामपणे दिसलेलं नाही. २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये भारतासह १५ देशांतल्या अशा उत्पादनांचा अभ्यास आला. दावे करणाऱ्या बहुतेक उत्पादनांनी संशोधनाचा एकही संदर्भ दिला नव्हता. मला याचा राग येतो, कारण ओढाताण करून पैसे मोजणारी माणसं माझ्यासमोर उभी असतात.

एचएमओ, म्हणजे आईच्या दुधातल्या खास साखरा, यांचंही तसंच. आईच्या दुधात या साखरांचे शंभराहून जास्त प्रकार सापडतात, डब्यात मोजकेच. कुठले, ते घटकांच्या यादीत बघा. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) किती वर आहे तेही कळतं. वयाचा टप्पा बघा, एक्स्पायरी बघा. एकाच टप्प्याच्या स्वस्त आणि महाग डब्याला एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचे किमान निकष सारखेच लागू असतात.

१९९२ च्या कायद्यानं, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या अशा दुधाची आणि आहाराची जाहिरात बंद केली आहे. डब्यावर बाळाचा फोटोही चालत नाही. कुणी फुकट नमुना किंवा भेटवस्तू हातात ठेवली, तर घेऊ नका. आईचं दूध येत असेल तर ते कमी पडतंय असं कुणाच्या रीलवरून ठरवू नका, बालरोगतज्ज्ञांना विचारा. ॲलर्जीसाठीचा डबाही त्यांनी सांगितल्याशिवाय नको.

डबा लागणारच असेल, तर मनाला लावून घेऊ नका. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर मिसळा आणि कोमट झाल्यावर पाजा. चमचा सपाट भरा. पैसे पुरत नसतील तर साधा डबा घ्या, पण पावडर पुरवण्यासाठी पाणी वाढवू नका. बाळाचं पोषण तिथेच कमी पडतं.