सुगरण पक्ष्याचं विणकाम बघायचं कसं आणि फोटो काढायचे कसे

जूनमधे एकदोन दणकून पाऊस झाले, उसाची पानं हातभर वाढली, की कोल्हापूर शहराबाहेर पडायचं. वडणगे, शिये, कळंबा, कुठल्याही रस्त्यानं जावा, विहिरीवर वाकलेली बाभळ दिसली की गाडी कडेला लावून पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. चिट चिट चिट करत शेवटी लांबवलेली चीsss अशी एकसारखी ओरड, आणि ती पण दहा-पंधरा गळ्यातनं एकदम आली तर समजा जागा सापडली. सुगरणींची वसाहत आहे ती.

नाव बाईचं असलं तरी विणकाम सगळं नर करतो हे आधी डोक्यात पक्कं करा, नाहीतर काय चाललंय ते कळणारच नाही. पावसाळ्यात नराचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते, चेहऱ्यावर काळपट तपकिरी मुखवटा येतो. मादी मात्र चिमणीसारखी साधी, आणि पावसाळा संपला की नरही पुन्हा तसाच होतो. म्हणून तर बाकीचे आठ महिने हे पक्षी आपल्या डोळ्यासमोर असूनही ओळखू येत नाहीत.

आता सुगरणच का? तर घरटं बांधताना बघायचं असेल आणि पक्ष्याला त्रास पण द्यायचा नसेल तर आपल्याकडं यापेक्षा सोपा पक्षी नाही. घरटी उघड्यावर, पाण्यावर लोंबकळणारी, लांबून सगळं दिसतं, काही हलवायला लागत नाही. शिंपी, बुलबुल, शिंजीर यांची घरटी झुडपात, कमरेएवढ्या उंचीवर, पानाआड असतात आणि ती तशी असतात कारण लपण्यातच त्यांचा जीव असतो. माझ्या सुरवातीच्या दिवसात मी घराजवळच्या एका झाडाला शिंप्याचं घरटं बघितलं, पानं शिवलेला तो द्रोण नीट दिसावा म्हणून पुढची दोन पानं दोऱ्यानं बाजूला बांधली. फोटो छान आले. तिसऱ्या दिवशी द्रोण फाटलेला आणि रिकामा. मांजर का कावळा ते कळलं नाही, पण वाट मी करून दिली होती, आणि ती गोष्ट अजून मनातनं जात नाही. तेव्हापासून झुडपातल्या घरट्याचे फोटो मी काढत नाही, तुम्हीही काढू नका असं हात जोडून सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे पक्ष्यांच्या घरट्याला, अंड्यांना त्रास देणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच.

जागा शोधणं आणि परवानगी

बाभूळ, शिंदी, नारळ, विहिरीत झुकलेली कुठलीही फांदी. काट्याचं झाड आणि खाली पाणी, हे दोन्ही जिथं असेल तिथं साप, उंदीर वर चढायला वैतागतात, म्हणून सुगरण तिथंच जाते. जवळपास ऊस, भात किंवा उंच गवत पाहिजे, कारण कच्चा माल तिथनं येतो. आपल्याकडं उसाला काय कमी नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ती फोटोला फार उपयोगाची आहे. घरटी बऱ्याचदा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, कारण आपला पावसाळी वारा नैऋत्येकडनं येतो आणि झाडाचा आडोसा मिळतो. म्हणजे सकाळी तुम्ही झाडाच्या पूर्वेला उभं राहिलात तर सूर्य तुमच्या पाठीवर आणि उजेड सरळ घरट्यावर. सकाळी साधारण सात ते साडेदहा कामाचा जोर असतो आणि नेमका तेव्हाच उजेडही चांगला, त्यामुळं लवकर उठणं हाच यातला निम्मा खटाटोप आहे.

विहीर कुणाच्या तरी मळ्यात असणार. न विचारता बांधावर चढू नका. "काय बघताय पाव्हणं?" म्हणून कुणीतरी येतंच, त्यांना दुर्बीण द्या, वर काय चाललंय ते दाखवा. मला सगळ्यात चांगल्या जागा अशाच मामा लोकांनी दाखवल्या आहेत, वर्षानुवर्ष ते बघत असतात, कुठल्या झाडावर कधीपासून घरटी आहेत हे त्यांना तोंडपाठ असतं. भांगलणीचं, औषध मारायचं काम कधी आहे ते पण विचारून घ्या, त्या दिवशी जाऊ नका. विहिरीला कठडा नसेल तर काठावर उभं राहून वर बघत मागं सरकायचं नाही, पावसात काठ निसरडे असतात आणि दुर्बीण डोळ्याला असली की पायाखालचं भान राहत नाही. पंचगंगेच्या काठच्या झाडांवर घरटी बघायला जाणार असाल तर आधी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा, ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, पण पाणी त्या दिशेनं चढायला लागलं की नदीकडं जायचंच नाही, मळ्यातली विहीर बघायची.

पहिले दोन दिवस कॅमेरा बॅगेत

हे बरेच जण करत नाहीत आणि म्हणून त्यांच्याकडं घरट्यावर बसलेल्या पिवळ्या पक्ष्याचा एकच फोटो शंभरवेळा असतो. दुर्बीण, साधी आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) चालेल, आणि बसायला काहीतरी घ्या. एकच नर निवडा. त्याच्या घरट्याची फांदी लक्षात ठेवा आणि तासभर फक्त त्यालाच बघा.

तो उसाच्या पानावर बसतो, पानाच्या कडेला चोचीनं एक खाच पाडतो, तिथं सुटलेला धागा चोचीत धरतो आणि सरळ उडतो, उडताना पान चिरत जातं आणि लांब पट्टी सुटून येते. २० ते ६० सेंटीमीटर लांबीची एक पट्टी. एका घरट्यासाठी अशा पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. पहिल्यांदा ते चिरणं दिसलं तेव्हा मी घड्याळ बघायचंच विसरलो होतो.

घरट्याच्या अवस्था ओळखायला शिका, त्यावरच पुढचं सगळं आहे. आधी फांदीच्या टोकाला नुसता गुंता, गाठीवर गाठ. मग त्यातनं खाली लोंबणारं एक कडं तयार होतं, नर त्या कड्यात बसूनच सगळीकडं विणत जातो, म्हणजे त्याच्या मानेची पोच जेवढी तेवढाच घरट्याचा घेर. मग वरनं छप्पर येतं आणि घरटं डोक्यावरच्या टोपासारखं, म्हणजे हेल्मेटसारखं दिसायला लागतं, खालनं उघडं आणि मधे एक आडवी पट्टी, टोपाला हनुवटीचा पट्टा असतो तशी. इथपर्यंत यायला साधारण आठ दिवस जातात. आणि इथं काम थांबतं.

थांबतं म्हणजे आता माद्या येणार. मादी आली की सगळ्या वसाहतीत एकच कल्ला होतो, प्रत्येक नर आपापल्या टोपाला खालनं लटकून पंख फडफडवतो आणि ओरडतो. मादी आत शिरते, चोचीनं ओढून बघते, निघून जाते, दुसऱ्याकडं जाते. पसंत पडलं तर ती आत राहते आणि नर मग कामाला लागतो, एका बाजूला अंड्यांची खोली बंद करतो, दुसऱ्या बाजूनं ती लांब नळी खाली सोडतो. सगळं मिळून अंदाजे अठरा दिवस. मादी आत दोन ते चार पांढरी अंडी घालते, १४ ते १७ दिवस एकटीच उबवते, आणि नर तोपर्यंत शेजारी दुसरं घरटं सुरू करून दुसरी मादी बोलवत असतो. हा सगळा प्रकार डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला बसून नोंदवला, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातल्या घरट्यांवर.

टोपाच्या आत भिंतीला ओल्या चिखलाचे गोळे लावलेले दिसतील. गावाकडं सांगतात काजवे चिकटवून उजेड करतो, ऐकायला गोड आहे, पण मी इतकी वर्षं दुर्बिणीतनं चिखलच बघत आलोय.

आता कॅमेरा

३०० एमएमची लेन्स असली तरी भागतं, मोठी असेल तर चांगलंच. वीस-पंचवीस मीटरवरनं सुरवात करा. हाताला आधार म्हणून कापडी पिशवीत तांदूळ भरून गाडीच्या काचेवर नाहीतर बांधावरच्या दगडावर ठेवा, ट्रायपॉडपेक्षा मला ते बरं वाटतं, फक्त तांदूळ आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा. एसी गाडीतनं कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, म्हणून जाताना काचा खाली करून जावा.

सेटिंगमधे सगळे फसतात ते आभाळामुळं. पावसाळ्यात मागं पांढरं आभाळ असतं आणि पक्षी काळा येतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, प्लस एक किंवा थोडं जास्तच करा. ऊन पडलं की लगेच उलटं, पिवळा रंग जळून नुसता ठिपका होतो, तेव्हा मायनसमधे थोडं या. हे ऊन-सावलीला दर दहा मिनिटाला बदलायला लागतं, कंटाळा करू नका. विणताना शटरचा वेग १/८०० सेकंद पुरतो, पट्टी घेऊन उडत येताना १/२००० च्या पुढं. पंख फडफडवताना मुद्दाम १/२५० वर काही फोटो काढून बघा, अंग स्थिर आणि पंख धूसर, त्यात ती धडपड जास्त दिसते असं मला वाटतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ऑटो ठेवून वरची मर्यादा ३२०० लावा. वाऱ्यानं घरटं झुलत असतं म्हणून फोकस कंटिन्युअसवर, एकच पॉइंट, घरट्याच्या तोंडावर. आवाज न करणारा शटर असेल तर तोच वापरा. फ्लॅश अजिबात नाही.

एका फोटोच्या मागं लागण्यापेक्षा त्याच घरट्याचे रोज एकाच जागेवरनं फोटो घ्या, तीन आठवड्यांनी शेजारी शेजारी ठेवा. गुंता, कडं, टोप, नळी. असा एक संच शंभर सुट्या फोटोंपेक्षा मोलाचा वाटतो मला.

मोबाईलवाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. दुर्बिणीच्या एका डोळ्याला मोबाईलची लेन्स टेकवा, हात बांधावर टेकवा आणि व्हिडिओ काढा, फोटो नको. विणकाम ही हालचाल आहे, व्हिडिओतच ती कळते.

जवळ किती जायचं

मीटरमधे उत्तर नाही, पक्ष्याकडं बघून ठरवायचं. नर पट्टी चोचीत घेऊन नुसता वरच्या फांदीवर बसून राहिला, घरट्यात येईना, तर तुम्ही जास्त जवळ आहात. सगळा थवा भुर्रकन उडाला तर घाबरू नका, शिक्रा (शिकारी पक्षी) आला की पण उडतो, दोन-तीन मिनिटात परत येतो. पाच-सात मिनिटात नाही आला तर दहा पावलं मागं या आणि खाली बसा. नळी पूर्ण झालेल्या, आत मादी जा-ये करत असलेल्या घरट्यापासून आणखी लांब राहा, आणि अर्ध्या तासात उठा.

समोर आलेली काटेरी फांदी तोडायची नाही. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. ड्रोन नाही. घरट्याची नेमकी जागा ग्रुपवर टाकायची नाही, तालुका लिहिला तरी पुरतं. एका विहिरीचं लोकेशन असंच फिरलं आणि रविवारी तिथं बारा-पंधरा जण, रील करायला पोरं फांदी हलवायला लागली. मालकानं शेवटी पाणंदीला काटे लावले आणि त्यांचं काही चुकलं नाही.

वही

साधी शाळेची वही. तारीख, वेळ, पाऊस होता का, किती घरटी गुंत्यात, किती कड्यात, किती टोपात, किती नळीची, मादी किती वेळा आली. झाडाचं चित्र काढून घरट्यांना नंबर द्या. जे टोप मादीनं नाकारले ते तसेच सुकून तपकिरी होतात, हिरवं घरटं म्हणजे ताजं काम, हा फरक लांबनं पण मोजता येतो.

ऑक्टोबरमधे वसाहत शांत होते. सुकलेली घरटी वाऱ्यानं खाली पडतात, पण फांदीवरची मात्र घरी शोभेला आणू नका, कितीही सुबक दिसली तरी. मुनिया रात्री त्यात झोपतात, कधी अंडी पण घालतात. हिवाळ्यात संध्याकाळी त्याच विहिरीवर जाऊन बसा, दुर्बीण नळीच्या तोंडावर लावा आणि कोण आत शिरतंय ते वहीत त्याच घरट्याच्या नंबरासमोर लिहा.