कांद्याची पात, लसणाची पात आणि लीक ओळखताना

कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईत हिवाळ्यात कांद्याच्या आणि लसणाच्या पातीच्या जुड्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, आणि घाईत चुकीची जुडी पिशवीत गेली, तर पातीच्या झुणक्याची चव पूर्ण बदलते. रंगावर विसंबू नये. एक पान आडवे तोडून पाहावे. कांद्याची पात आतून पोकळ, नळीसारखी असते, तर लसणाचे पान चपटे, भरीव आणि मधल्या शिरेवर किंचित दुमडलेले असते. पान चुरगळल्यावर येणारा वास ही खात्री पुरेशी आहे. पान पोकळ असून बुडाशी गोल गड्डा दिसला, तर ती नेहमीच्या कांद्याचीच कोवळी पात समजावी.

मोठ्या दुकानांत मिळणारे लीक, म्हणजे कांदा-लसणाच्याच कुळातली एक विलायती भाजी, मात्र वेगळे असते. त्याचा पांढरा दांडा जाड असतो, खाली फुगीर गड्डा नसतो आणि रुंद, चपटी पाने पंख्यासारखी पसरतात. त्याच्या थरांत माती अडकते, म्हणून दांडा उभा चिरून वाहत्या पाण्याखाली धुवावा. लीक मंद आचेवर मऊ शिजवून सूपमध्ये उत्तम लागते, परंतु माझ्या मते झुणक्याला त्याचा उपयोग नाही. तिथे कांद्याचीच पात हवी, आणि तिचा हिरवा भाग शेवटी घालून जेमतेम वाफ द्यावी. लसणाची कोवळी पात हिरव्या मिरचीबरोबर ठेचून भाकरीसोबत द्यावी.